सायकलस्वाराचा पायी प्रवास

सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून टॉमस स्टीव्हन्स याचे नाव प्रसिद्ध आहे. हे ऐकताच गुळगुळीत रस्ता, पाठीशी वारा आणि भरधाव निघालेला स्वार असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु त्याच्या प्रवासाच्या आरंभीचाच एखादा दिवस पाहिला, तर या चित्रात पुष्कळ दुरुस्ती करावी लागते. त्या दिवशी सायकल होती, स्वारही होता. मात्र तो सायकलीवर बसलेला नव्हता.

स्टीव्हन्स जन्माने इंग्रज. पण तरुणपणी तो अमेरिकेत येऊन राहिला होता. २२ एप्रिल १८८४ रोजी त्याने सॅन फ्रान्सिस्को शहर सोडले, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याचे वाहन आजच्या सायकलीसारखे नव्हते. पुढचे चाक ५० इंच उंचीचे आणि मागचे अगदी चिमुकले. साखळी मुळीच नाही. पायडले पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली. त्यामुळे पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरे आणि सायकल सुमारे १३ फूट पुढे जाई. हवा भरलेले टायर तोवर प्रचारात आले नव्हते. चाकांना भरीव रबराची धाव असे. स्वाराची बैठक उंचावर असल्याने चाक एखाद्या दगडाला अडले, की तो डोक्यावरून पुढे फेकला जाई. सामान म्हणावे तर मोजे, एक जादा सदरा, एक लहान पिस्तूल आणि एक पावसाळी कोट. हा कोटच त्याचा तंबू आणि तेच त्याचे अंथरूण!

निघून थोडेच दिवस झाले, तोच सिएरा नेवाडा पर्वताची रांग आडवी आली. वसंत ऋतू सुरू झाला असला, तरी उंचावरील बर्फ वितळले नव्हते आणि रस्ते त्याखाली गाडले गेले होते. मोकळा मार्ग एकच उरला होता, तो म्हणजे आगगाडीचा. हजारो चिनी मजुरांनी कठीण खडक फोडून तो तयार केला होता आणि १८६९ साली तो अमेरिकेच्या पूर्व भागाशी जोडला गेला होता. बर्फाखाली रूळ गाडले जाऊ नयेत म्हणून त्यांवर जाड लाकडांची उतरती छपरे उभारलेली होती. ही छपरे थोडीथोडकी नव्हेत, तर जवळजवळ ४० मैलांपर्यंत पसरलेली होती. स्टीव्हन्सने याच लाकडी बोगद्याची वाट धरली.

आत अंधार. इंजिनांच्या धुराने लाकडे काळवंडलेली. पायांखाली रूळ आणि स्लीपर. त्यांवरून सायकल चालवणे शक्यच नव्हते. तेव्हा एका हाताने ते मोठे चाक सावरीत आणि प्रत्येक स्लीपर पाहून पाऊल टाकीत तो चालू लागला. दुरून गाडीची घरघर ऐकू येताच सायकलीसह एका बाजूला सरायचे आणि भिंतीशी अंग चोरून उभे राहायचे. गाडी धडधडत निघून गेली, की पुन्हा सायकल हाती धरून पाऊल टाकायचे. असे मैलामागून मैल चालले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जी गाडी हाताच्या अंतरावरून जात होती, तिच्यात बसून पूर्व किनारा सुमारे आठवड्याभरात गाठता आला असता. तिकीट काढण्याचाच काय तो प्रश्न! त्या अंधारात त्याला पाहणारे कोणी नव्हते आणि नावे ठेवणारेही कोणी नव्हते. परंतु त्याने आपला संकल्प केला होता आणि त्याचा साक्षीदार तो स्वतःच होता. म्हणून चाक फिरत नसले, तरी त्याचा प्रवास थांबला नाही.

४ ऑगस्ट १८८४ रोजी तो बोस्टन शहरी पोहोचला. सुमारे ३,७०० मैलांच्या या वाटेपैकी निदान तिसरा हिस्सा त्याला पायीच काटावा लागला होता. पुढे १८८५ साली इंग्लंडमधून निघून तो युरोप आणि तुर्कस्तान ओलांडून इराणात गेला. अफगाणिस्तानातून त्याला परत फिरवण्यात आले; तेव्हा मोठा वळसा घेऊन १८८६ मध्ये तो हिंदुस्थानात आला. लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने तो सायकलीवरून गेला. कडक उन्हाळा सोसावा लागला, तरी कंकर घालून पक्का केलेला तो रस्ता पाहून तो प्रसन्न झाला. पुढे चीन पार करून १७ डिसेंबर १८८६ रोजी जपानमधील योकोहामा येथे त्याची सायकलयात्रा पूर्ण झाली.

ग्रँड ट्रंक रोडवरून त्याची सायकल वेगाने धावली, हे खरे. पण बोगद्यातला तो दिवस त्याने टाळला असता, तर पृथ्वीप्रदक्षिणेची वाट तेथेच तुटली असती. विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही असे दिवस येतात. गणित सुटत नाही, पाठ ध्यानात राहत नाही आणि मनाचे चाक जागचे हलत नाही. अशा दिवशी सायकल टाकून न देता ती हाती धरून चालत राहणारा स्टीव्हन्स आठवावा.