अंकलीच्या स्वारास

जरीपटक्याच्या अश्वावरील स्वार माउली,


हे पत्र कुणा एकाच्या नावे नाही. त्या खोगिरावर जो बसेल त्याला आहे. आम्ही निपाणीकडची माणसं. आमचं घोडं म्हणजे शर्यतीच्या गाडीला जुंपलेलं. हाकणारा मागं, हातात लगाम आणि तोंडानं आरडाओरडा. पाठीवर बसून गुपचूप बोलण्याची विद्या मी बघितली ती तुमच्याकडेच.

चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी सुमारे 300 किलोमीटर चालत आळंदीला जातात. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनची ही सेवा. एकावर तुम्ही, दुसऱ्याची पाठ रिकामी; तिथं साक्षात ज्ञानेश्वर माउली. रिंगणात हे अश्व धावतात, तेव्हा साऱ्यांचे डोळे त्या दुसऱ्यावर. मी तुमच्या कमरेकडे बघतो.

एक हात जरीपटक्यात गुंतलेला. निशाणात वारा भरला की खांदा ओढला जातो. खांद्यामागोमाग कंबर गेली, तर घोड्याला वाटणार, वळायचंय. माशी बसली तरी कातडी थरथरवणारं जनावर ते. पाठीवरचा भार सरकलेला त्याला कळणार नाही होय? म्हणून वरचं अंग वाऱ्याला दिलं तरी मांड ढळू द्यायची नाही. सदाशिवनगरच्या गोल रिंगणात तर सगळा वेळ वळणच. नजर आत, आतल्या बाजूला किंचित जास्त भार, बाहेरचा पाय तंगाच्या जरा मागे. म्हणजे घोड्याचा मागचा भाग बाहेर फेकला जात नाही. वेग उतरवायचा तर आधी पाठ ताठ करून कमरेचं डोलणं थांबवायचं, लगाम त्यानंतर. ज्याला लगामच आधी आठवतो, त्याला मी स्वार म्हणणार नाही.

घोडा माणसाचं अंग किती बारकाईनं वाचतो, त्याची एक गोष्ट. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी छडा लावला. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं त्याच्याही नकळत जरासं वर व्हायचं, आणि हान्स थांबायचा. गणित येत नव्हतं म्हणून त्याला हसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. माणसाचं अंग वाचणं काय सोपं असतं?

मग माउलींच्या अश्वाला कोण सांगतं? श्रद्धेचं उत्तर मला मान्यच आहे. पण घोडा कळपातला. पुढच्याला बघून धावतो. म्हणजे तुमच्या मांडीखालून निघालेला निरोप एका घोड्यातून दुसऱ्यापर्यंत जातो. ही दोन उत्तरं माझ्या मनात भांडत नाहीत.

एक विचारायचं राहिलं. माउलींचा अश्व बाजूनं पुढे निघतो, लोक टापांखालची माती कपाळी लावायला धावतात, तेव्हा तुमच्या घोड्याला ईर्ष्या चढत असणार. त्या घडीला तुम्ही अंग कसं सैल सोडता? कळवा.

आपला,
निपाणीचा एक वारकरी