हमीदवर कोण बोलणार?

गेल्या सुट्टीत भाच्याला घेऊन नगरचं रणगाडा संग्रहालय पाहायला गेलो. आमच्या नेवाशाहून तास-दीड तासाचा रस्ता. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात ब्रिटिश, जर्मन, जपानी रणगाडे उन्हात शांत उभे आहेत. भाचा पॅटनपाशी थांबला. १९६५च्या युद्धात पाकिस्तानकडून आपल्या हाती लागलेला, अमेरिकी बनावटीचा.

"मामू, अब्दुल हमीदनं असेच फोडले ना?"

"हो. जीपवर बसवलेल्या तोफेनं. खेमकरणजवळ, असल उत्तरला."

"मला पाठ आहे. शाळेत दरवर्षी सर मलाच हमीदवर बोलायला लावतात. मला यंदा तारापोरांवर बोलायचंय. त्यांच्याकडे खरा रणगाडा होता!"

मी हसलो, पण ते हसू टिकलं नाही. कारण माझ्या शाळेतही हमीद माझ्याच वाट्याला यायचा. कुणाचा हेतू वाईट नसायचा. तरी भाषण संपल्यावर वाटायचं, आपण हजेरी लावून आलो.

गाझीपूरकडच्या धामूपूरचा हमीद, शिंप्याचा मुलगा. १० सप्टेंबर १९६५ला तो पडला. सहा दिवसांनी चविंड्याच्या आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पडले. जखमी असूनही ते मागे फिरले नव्हते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तारापोरांची आठवण निघते तेव्हा पारशी समाजाच्या निष्ठेचा विषय निघत नाही. हमीदचं नाव निघालं की वाक्य बहुधा "मुसलमान असूनही" किंवा "मुसलमानसुद्धा" याच वळणावर जातं.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र नुसता आकडा. त्यात मराठी मुलखातलेही होते. त्या शिपायांचं नावच गेलं. हमीदचं नाव राहिलं, पण त्याचा दाखला झाला. शिंप्याच्या घरातला तो पोरगा कुठे गेला, हे कुणी विचारत नाही.

परतताना भाच्याला म्हटलं, "यंदा तारापोरांवर बोल. सरांना मी सांगतो."

"मग हमीदवर कोण बोलणार?"

त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राचं नाव मी सुचवलं. तो वारकऱ्याच्या घरातला.

"त्याला जमेल," भाचा म्हणाला. "तोफेचा आवाज तो भारी काढतो."