न उमटलेली भिंत

आमच्या घराचा नकाशा मी काढावा असे ठरले, तेव्हा मी घरी नव्हतो. शाळेतून परतलो तो पुण्याहून दादाचा फोन येऊन गेला होता आणि आमच्या सौ.ने माझ्या वतीने होकारही देऊन टाकला होता. कारण उघड होते. मी चित्रकलेचा मास्तर. ज्याला तांब्या, केळी आणि छत्री काढता येते, त्याला घर का काढता येऊ नये? शिवाय मी कादंबऱ्या लिहितो. तीन कादंबऱ्यांत मिळून मी दहा-अकरा घरे उभी केली आहेत, दोन पाडलीही आहेत. मात्र त्यांतल्या एकाही घराची भिंत मला कधी टेपने मोजावी लागली नव्हती.

घर आजोबांनी बांधलेले, दापोली तालुक्यातले. जांभ्याच्या चिऱ्यांच्या दीड फूट जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे ओटी, मागे पडवी, मधे माजघर. २०२१ साली वडील गेले. पुढची दोन वर्षे कोणी काही बोलले नाही. मग कसलेही भांडण न होता वाटणीचा विषय निघाला. (भांडण झाले असते तर मला लिहायला सोपे गेले असते.) ठरले ते असे: माजघराच्या मधून विटांची साडेचार इंची भिंत घालायची, उगवतीकडचा भाग दादाचा, मावळतीकडचा माझा, आणि आई दोघांची. वहिनी म्हणाल्या, "आधी कागदावर दिसू दे." त्यासाठी इंजिनिअरला पैसे देण्यापेक्षा पुतण्याचा जुना लॅपटॉप पडून होता, त्यात ऑटोकॅड होते, आणि मी होतो.

माझे शिक्षण जुन्या भाषेत मॅट्रिकपर्यंतचे, तेही मराठी शाळेतून. पडद्याच्या तळाशी तो कार्यक्रम सारखा इंग्रजीत काहीतरी विचारीत असे. "स्पेसिफाय फर्स्ट पॉइंट," तो म्हणे, आणि माझ्या अंगावर परीक्षेतल्यासारखा काटा येई. प्रश्न सभ्य होता, पहिला बिंदू कुठे ठेवू, एवढेच तो विचारीत होता. परंतु मास्तरांना प्रश्न विचारायची सवय असते, प्रश्न ऐकायची नसते.

पहिल्याच आठवड्यात माझ्या घराला घराहून मोठे दार लागले. दारे आपण काढायची नसतात, तयार मिळतात. ती उचलून आणायची आणि भिंतीत बसवायची. मी एक आणून बसविले तर त्याने ओटी, अंगण आणि शेजाऱ्यांची विहीर पार केली. मोजले तर पंचाहत्तर फूट! खेडला एका इंजिनिअरच्या कचेरीत माझा एक जुना विद्यार्थी नकाशे काढतो, त्याला भीतभीत फोन केला. तो म्हणाला, "सर, दार मिलिमीटरमध्ये काढलेले आहे आणि तुमचे घर इंचांत. नऊशे मिलिमीटरचे दार नऊशे इंचांचे झाले. पंचवीस पूर्णांक चार दशांशने भागा." भागले. दार निमूटपणे तीन फुटांच्या आत येऊन बसले. त्या यंत्राला आकडा कळतो, तो कशाचा आहे हे आपण सांगितल्याखेरीज कळत नाही. आकड्यापुढे एकक न लिहिणाऱ्या मुलांचे गुण मी वर्षानुवर्षे कापले आहेत, हे मला तेव्हा आठवले.

या विद्यार्थ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो सातवीत असताना वस्तुचित्राच्या तासाला त्याने पेटीची कड पट्टी लावून काढली म्हणून मी त्याचा कागद वर्गासमोर फाडला होता. हाताने काढायची रेघ हातानेच काढली पाहिजे, यावर माझी फार श्रद्धा होती. आता त्याचे पोट पट्टीच्याच रेघांवर चालते, आणि मला रेघ काढायला तोच शिकवीत होता. कागदाची आठवण त्याने कधी काढली नाही. मीही काढली नाही.

मग खोल्यांची नावे गेली. मी हौसेने 'ओटी', 'माजघर', 'देवघर', 'न्हाणी' अशी नावे घातली, आणि पडद्यावर जिकडे तिकडे प्रश्नचिन्हे उमटली. वाटणी होऊ घातलेल्या घरात प्रत्येक खोलीत एकेक ओळ प्रश्नचिन्हे! कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकांनी खोडले असते. कारण अगदी साधे निघाले. त्या कार्यक्रमाचे मूळचे टंक रेघारेघांचे, त्यांत देवनागरी अक्षरेच नाहीत. नसलेल्या अक्षराच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. 'मंगल' नावाचा टंक निवडल्याबरोबर सगळ्या खोल्या मराठी बोलू लागल्या.

एकदा सबंध घरच नाहीसे झाले. पडदा काळा, आणि कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका. तो ठिपका म्हणजे आमचे घर होते. केव्हातरी चुकून घरापासून कित्येक मैलांवर माझ्या हातून एक बारीक रेघ पडली होती, आणि "सगळे दाखव" म्हटल्यावर यंत्र बिचारे घर आणि ती रेघ दोन्ही एका पडद्यावर बसवीत होते. रेघ पुसली, घर परत आले. पावसाळ्यात वीज गेली आणि दोन संध्याकाळचे काम बुडाले, तेव्हाही विद्यार्थ्याने फोनवरूनच वाचविले. कार्यक्रम नकाशाची आधीची एक प्रत शेजारीच ठेवीत असतो. तिच्या नावाच्या शेपटीला बीएके असते, ते खोडून डीडब्ल्यूजी लिहिले की ती उघडते. हे मला कोणी आधी सांगितले असते तर त्या रात्री मी घरातल्या माणसांवर ओरडलो नसतो.

खरी अडचण पुढे होती. चार बाहेरच्या भिंती मी मापाने काढल्या: पुढची बेचाळीस फूट, बाजूची अठ्ठावीस, मागची एकेचाळीस फूट पाच इंच, पुन्हा बाजूची अठ्ठावीस. शेवटची रेघ पहिलीला मिळेना. सात इंच उघडे. आत रंग भरू म्हटले तर भरेना. हद्द बंद नाही अशी तक्रार करून यंत्र उघड्या टोकांशी तांबडी वर्तुळे काढून दाखवी. मी दोन दिवस यंत्राला दोष दिला.

"सर, कर्ण मोजले होते का?" विद्यार्थ्याने विचारले.

मोजले नव्हते. घराचे कोपरे काटकोनात असतात असे मी गृहीत धरले होते. या यंत्रात आठव्या क्रमांकाची कळ एकदा दाबली की ती पुन्हा दाबेपर्यंत रेघा आडव्या नाहीतर उभ्याच जातात, आणि मी ती पुन्हा दाबलीच नव्हती. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी एम. आय. टी.मधल्या आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' तयार केले. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ काढायची, आणि दोन रेघा समांतर हव्यात की काटकोनात हे यंत्राला सांगायचे. पुढच्या सगळ्या नकाशा-कार्यक्रमांचा तो पूर्वज. ऑटोकॅड त्यानंतर १९८२ साली आले. आमच्या आजोबांपाशी अशी लेखणी नव्हती. त्यांच्यापाशी सुतळी, ओळंबा आणि स्वतःचे मत होते.

टेपचे एक टोक आईने धरले, दुसरे मी. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घरातून टेप सरळ जाईना, म्हणून दारादारांतून तुकडे करून मोजीत गेलो. दोन कर्णांत अकरा इंचांचा फरक आला. मी आजोबांच्या गवंड्याला नावे ठेवली. आई कोपऱ्यात ओणवीच होती. ती म्हणाली, "गवंड्याला काय बोलतोस? मागे फणस होता. तो तोडायचा नाही म्हणून मामंजींनी कोपरा आत घेतला." फणस २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात पडला. कोपरा आतच राहिला. त्या रात्री मी आठव्या क्रमांकाची कळ पुन्हा दाबली, आणि वाकडे काढल्याबरोबर घर बंद झाले.

२०२३ च्या गणपतीत सगळे जमले. दापोलीहून मी नकाशा छापून आणला, पन्नासास एक या प्रमाणात, ए-तीन आकाराच्या कागदावर. आरती झाल्यावर ओटीवर तो पसरला. दादाने चष्मा लावला. बराच वेळ तो पाहत राहिला. मग त्याने माजघरावर बोट ठेवले.

"भिंत कुठे आहे?"

भिंत नव्हती. माजघर जसे होते तसे, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळे. मी भिंत काढली होती. पडद्यावर रोज पाहत होतो. कागदावर ती उमटली नव्हती. मी तसे सांगितले. वहिनींनी दादाकडे पाहिले. दादा शांतपणे म्हणाला, "तुला वाटणी नको असेल तर तोंडाने सांग. चित्राने कशाला सांगतोस?"

मी काय बोलणार? यंत्राने भिंत खाल्ली, हे सांगणाऱ्या माणसावर मीही विश्वास ठेवला नसता. त्यातून तो कादंबरीकार. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला वाईट वाटत होते का, हे मला अजून नीट आठवत नाही. कोरे माजघर पाहून मी गप्प बसलो होतो, एवढे मात्र खरे.

लॅपटॉप उघडून दाखविला. पडद्यावर भिंत होती. मग मात्र सगळेच गोंधळले. विद्यार्थ्याला सणासुदीला फोन करणे बरे वाटेना, पण केला. त्याने एकच विचारले, "सर, भिंत कोणत्या लेयरवर आहे?" या कार्यक्रमात चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे असते. भिंती एका थरावर, दारे दुसऱ्यावर, अक्षरे तिसऱ्यावर. आपण माप लिहिले की 'डेफपॉइंट्स' नावाचा एक थर आपोआप तयार होतो. तो यंत्राच्या खाजगी खुणांसाठी असतो. त्यावरचे सगळे पडद्यावर दिसते, छापले मात्र जात नाही. मापे लिहून झाल्यावर केव्हातरी चुकून मी तोच थर पुढे घेतला होता, आणि वाटणीची भिंत त्यावर काढली होती. दादाला फोन दिला. विद्यार्थ्याने त्यालाही समजावून सांगितले. दादा "बरं, बरं" म्हणाला. त्याला पटले असावे, कारण नंतर त्याने तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी थर बदलून पुन्हा छापून आणले. अर्ध्या मिनिटाचे काम. आता भिंत चांगली ठळक उमटली होती. आईने कागद मांडीवर घेतला. तिला नकाशा वाचता येत नाही. मी तिचे बोट धरून ओटीपासून पडवीपर्यंत फिरविले. भिंतीपाशी तिने बोट थांबविले.

"दार?"

दार नव्हते. दार ठेवायचे नाही, असे ठरलेच होते.

"देवघर इकडे नि न्हाणी तिकडे," आई म्हणाली. "मी अंगणातून वळसा घालू? पावसात?"

कोणी उत्तर दिले नाही. हा प्रश्न ठरविताना कोणाच्या ध्यानात आला नव्हता, आणि नकाशा मी काढला असल्यामुळे निदान माझ्या तरी यायला हवा होता. दादाने कागद आपल्याकडे ओढला आणि भिंतीत एक जागा नखाने दाबून दाखविली. "इथे. अडीच फुटांचे."

मी दार बसविले, या खेपेला बरोबर मापाचे. नकाशात दार कोणीकडे उघडते ते पाव वर्तुळाने दाखवितात, आणि ते कोणाच्या हद्दीत जाणार हे ठरायला गणपती विसर्जनापर्यंतचे दिवस लागले. शेवटी ते दादाच्या बाजूला उघडावे असे ठरले. त्याच्याकडे जागा जास्त होती. कडीचा विषय आईने काढू दिला नाही.

भिंत फेब्रुवारी २०२४ मध्ये उभी राहिली. पडलेल्या फणसाच्या फळ्या पडवीत होत्या, त्यांचे दार झाले. सुताराने नकाशा पाहिलाच नाही. बिजागऱ्या उलट्या बाजूने बसल्या आणि दार आमच्या बाजूला उघडते, आमच्या सौ.ची शिवणयंत्राची जागा त्यात गेली. फाइलीत मात्र ते पाव वर्तुळ अजून दादाकडेच आहे. विद्यार्थी म्हणतो, 'मिरर' म्हणून एक आज्ञा आहे, दोन बिंदू दिले की दार फिरते. मी अजून दिलेले नाहीत.