हवेत आडनाव नसते

वायरलेस म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पोलिसांची जीप उभी राहते. माझ्या कमरेला लावलेला सेट पाहून वस्तीतली पोट्टे विचारायची, "काकाजी, तुम्ही सीआयडीत लागले काय?" त्यांना समजावता समजावता मला कळले की, सर्वसामान्य माणसालाही कायद्याने स्वतःचे वायरलेस केंद्र चालवता येते, ही गोष्टच आपल्या समाजात फारशी पोहोचलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

याला हौशी रेडिओ म्हणतात, बोलीभाषेत 'हॅम'. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा परीक्षा घेते. पास झाल्यावर लायसन मिळते आणि त्यासोबत एक सांकेतिक नाव मिळते, त्याला कॉलसाइन म्हणतात. भारतात ते बहुतेक करून 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. दिवंगत पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते; त्यांचा कॉलसाइन होता व्हीयू-टू-आरजी. माझा व्हीयू-थ्रीने सुरू होतो. मी एका कचेरीतला बी.कॉम. झालेला कारकून. परंतु हवेत पंतप्रधान आणि कारकून एकाच रांगेत उभे राहतात. तिथे कोणी "पूर्ण नाव काय?" असे विचारत नाही. कॉलसाइन सांगायचा, आवाज कसा येतो ते विचारायचे आणि बोलायचे. कचेरीत नवा साहेब आला की पहिल्या पाच मिनिटांत आडनावावरून माणूस जोखतो. हवेत मात्र आडनावच नसते! मला या छंदाची गोडी लागली ती इथेच.

परमपूज्य बाबासाहेबांना रेडिओचे महत्त्व पुरते ठाऊक होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर तथागत बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली, हे त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट केले. ज्यांनी ऐकले तर कानात शिसे ओतावे असे शास्त्र सांगत होते, त्यांच्यातला एक माणूस साऱ्या देशाला ऐकवत होता. रेडिओ ऐकणे आणि रेडिओवरून बोलणे यात केवढे अंतर आहे, ते यावरून ध्यानात यावे. आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आता बोलायचे आहे.

आमच्या काही मित्रांचा मिळून नागपुरात एक लहानसा रिपीटर आहे. रिपीटर म्हणजे काय? हातातला सेट पाच वॅटचा. शहरात इमारती आड येतात आणि दोन-चार किलोमीटरवर आवाज विरून जातो. म्हणून उंच जागी एक यंत्र ठेवतात. ते एका फ्रिक्वेन्सीवर आपले बोलणे घेते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्या शक्तीने फेकते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये सहसा ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. इंदोऱ्यातला माणूस हळू आवाजात बोलला तरी नरेंद्र नगरात ऐकू जाते, ते या यंत्रामुळे.

डिजिटल पद्धतीत आवाजाचे आकडे करून पाठवतात. आम्ही वापरतो ती डीएमआर पद्धत. तिचे प्रमाण युरोपात २००५ साली ठरले. तिच्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी दोन संभाषणे चालतात. कसे? तर वेळेचे तीस-तीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे. एक तुकडा याचा, दुसरा त्याचा. सार्वजनिक नळावर दोन घरांनी पाळी लावावी तसे. फक्त इथे पाळी इतक्या झपाट्याने बदलते की कोणालाच थांबल्यासारखे वाटत नाही. नळावरची भांडणे ज्यांनी पाहिली, त्यांना ही रचना लगेच समजते. इंटरनेट जोडले तर असाच रिपीटर दुसऱ्या शहरातल्या रिपीटरशीही बोलू शकतो.

यंत्र मिळाले, कागदपत्रे झाली, पण ठेवायचे कुठे? सिंहगडासारखा डोंगर उशाशी असलेल्या पुण्याचे ठीक आहे. आमचे नागपूर सपाट. उंच गच्चीच हवी. ओळखीतून एका चार मजली इमारतीच्या मालकांकडे गेलो. गृहस्थ अतिशय सज्जनपणे वागले. चहा पाजला, गच्ची दाखवली, "समाजाच्या कामाचे आहे, पैसे नको," म्हणाले. आम्ही एकमेकांना कॉलसाइननेच हाका मारत होतो, त्याची त्यांना मोठी गंमत वाटली. मग करारासाठी त्यांनी सभासदांच्या नावांची यादी मागितली. मी दिली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि "दिवाळीनंतर सांगतो," म्हणाले. दिवाळी गेली. फोन केला तर म्हणाले, "वीज पडण्याची भीती वाटते हो." यादी वाचण्यापूर्वी त्यांना विजेची भीती नव्हती.

हवेत आडनाव नसते हे खरे, पण अँटेना जमिनीवर उभी राहते. आणि जमिनीवर आडनाव विचारतात. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी एका मित्राने साधी गोष्ट सांगितली, "आपल्याले गच्ची नाही काय? विहाराची काहून नाही विचारत?"

विहार दोनच मजली, पण टेकाडावर आहे आणि आजूबाजूला उंच इमारत नाही. पौर्णिमेच्या वंदनेनंतर महिला मंडळासमोर विषय ठेवला. मला वाटले होते पाच मिनिटांत होकार मिळेल. दीड तास लागला. वीज पडली तर? मी तडितवाहक आणि जमिनीत पुरायची तांब्याची पट्टी समजावली. लाइटचे बिल कोण भरेल? जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा फार जास्त वीज लागत नाही आणि बिल सभासद भरतील, हे वहीत लिहून दिले. एका उपासकाने विचारले, "मंग त्याच्यावर भीमगीते लावता येतीन?" नाही. नियमानुसार हौशी रेडिओवर गाणी, जाहिराती, धंद्याचा व्यवहार चालत नाही. तो आपसांत बोलण्यासाठी, शिकण्यासाठी आणि संकटात उपयोगी पडण्यासाठी आहे. हे ऐकून मंडळी थोडी हिरमुसली.

तेव्हा मागे बसलेल्या एक वयस्क काकू उठल्या. आयुष्यभर बिड्या वळून त्यांनी मुले शिकवली. त्या म्हणाल्या, "हे सगळं ठीक हाये भाऊ. आमच्या पोरीइले बोलता येईन का त्याच्यावर?" मी म्हणालो, परीक्षा पास झाल्या तर येईल. "मंग पहिले दोन पोरी तयार करा. गच्ची घ्या." ठराव मंजूर झाला. आजवर इतका नेमका ठराव मी कोणत्याही सभेत पाहिला नाही.

माझ्याकडे हिशेब आला. सभासदाकडून महिन्याला पन्नास रुपये. पैसा अन्‌ पैसा वहीत, आणि दर पौर्णिमेला वही विहारात वाचायची. थोडी रक्कम साठल्यावर वाद झाला. तरुण सभासदांचे म्हणणे, इंटरनेटची चांगली जोडणी घेऊ, म्हणजे मुंबई-हैदराबादच काय, परदेशातही बोलता येईल. माझे म्हणणे, आधी बॅटरी. इंटरनेट आणि लाइट दोन्ही गेले, तरी निदान नागपूर नागपूरशी बोलले पाहिजे. इतिहास हेच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाले सेट घेऊन लातूरकडे धावले होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या महिला हॅम नेमक्या पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानचे फोन बंद पडले आणि त्यांच्या रेडिओवरून लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. बॅटरीच्या बाजूने बहुमत झाले.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, मोर भवनच्या स्टँडवर बसगाड्या पाण्यात बुडाल्या. अनेक भागांत लाइट गेली. आमच्याही विहाराची गेली, पण गच्चीवरचे यंत्र बॅटरीवर चालू राहिले. कोणत्या पुलावर पाणी आहे, कोणता रस्ता मोकळा आहे, कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, एवढेच बोलणे सकाळपर्यंत चालले. ज्यांच्या फोनला रेंज होती ते ही माहिती पुढे कळवत होते. आम्ही कोणाचे प्राण वाचवले असा दावा मी करणार नाही. पण नदीकाठी राहणाऱ्या एका सभासदाच्या आईला मुलगा कुठे अडकला आहे ते वेळेवर कळले आणि ती पाण्यात उतरली नाही. माझ्या वहीतला बॅटरीचा खर्च त्या दिवशी वसूल झाला.

आणि त्या दोन पोरी? एक बारावीला होती, दुसरी आयटीआयला. दोघी पास झाल्या. नंतरच्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटला आणि नेहमीप्रमाणे मोबाइल गच्च झाले. एक पोरगी पाण्याच्या स्टॉलजवळ, दुसरी ध्वनिक्षेपकाच्या मंडपाजवळ. मराठवाड्यातून आलेल्या, चुकामूक झालेल्या एका आजीचे नाव आणि गाव स्टॉलवरून मंडपात पोहोचले, तिथून पुकारले गेले आणि थोड्या वेळात नातू धावत आला. आजीने पोरीच्या तोंडावरून हात फिरवून विचारले, "बाई, तू पोलिसात हाईस का?" पोरगी हसली, "नाही आजी, मी हॅम आहे." आजीला काय समजले कोण जाणे. पण आपली पोरगी काहीतरी मोठे काम करते, एवढे नक्की समजले.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा त्यांच्याकडे वीज आणि पाटबंधाऱ्यांचेही काम होते. देशाची वीज कशी उभी करावी याचा त्यांनी बारकाईने विचार केला. यंत्र आणि तंत्र हा आपला विषय नव्हे, असे त्यांच्या लेकरांनी तरी म्हणू नये. आपण नोकरीसाठी शिकतो, ते योग्यच आहे. पण शेजारच्या घराचे टॉवर, शेजारच्या घराची गच्ची आणि शेजारच्या घराची मेहेरबानी यावर आपला आवाज किती दिवस अवलंबून ठेवायचा?

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. या परीक्षेला बसायला मूल बारा वर्षांचे असले की पुरते. दोन भाग असतात: रेडिओचे तंत्र आणि नियम. पहिल्या पायरीच्या लायसनसाठी मोर्सच्या कट्ट-कडकट्टची गरज नाही. १९७८ च्या नियमांत परीक्षेची जी मोजकी शहरे नावानिशी होती, त्यांत आपले नागपूर होते. सेट सुरुवातीला घेऊ नका. आधी पुस्तक घ्या. विनालायसन बोलणे गुन्हा आहे, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा. आणि आपल्या विहाराची गच्ची किती उंच आहे, ते एकदा वर चढून पाहा. तिच्यावर पाण्याची टाकी आहे, निळा झेंडा आणि पंचशील ध्वज आहे. आणखी एका काठीला जागा नक्की निघेल.

जय भीम!