उत्तराची फेरी

स्लॅमच्या मंचावर कवीला ३ मिनिटं मिळतात. वर १० सेकंदांची सवलत. ती संपली की पुढच्या प्रत्येक १० सेकंदांना अर्धा गुण कापला जातो. हातात वस्तू नको, खास वेशभूषा नको, साथीला वाद्य नको. कविता स्वतःची हवी. गुण देणारे ५ जण प्रेक्षकांतलेच, ऐनवेळी निवडलेले. प्रत्येकाने ० ते १० मध्ये दशांशासह गुण द्यायचे, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे जास्तीत जास्त ३०. शिकागोत बांधकामाच्या धंद्यात असलेल्या मार्क स्मिथ या कवीने १९८६ साली तिथल्या ग्रीन मिल या जॅझ क्लबात अशी स्पर्धा लावली, आणि थोड्याफार फरकाने हेच नियम जगभर पसरले. गेल्या दशकात ते खार-वांद्र्याच्या छोट्या मंचांवर पोचले आणि तिथून आमच्या पनवेलला आले.

मी पनवेलची. संध्याकाळी हार्बर लोकल धरायची, वडाळ्याला गाडी बदलून खारला उतरायचं, कविता म्हणायची आणि परतीच्या गाडीकडे डोळा ठेवून निकालाची वाट बघायची, हे माझ्या तरुणपणातलं मोठं सुख आहे. त्या मंचाने मला लिहायला शिकवलं, हे मी कृतज्ञतेने सांगते.

कानासाठी लिहिणं हे वेगळं कसब आहे, आणि मराठीत त्याची म्हणून एक खास अडचण आहे. आपल्या वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. छापील पानावर त्याचं काही वाटत नाही. मंचावर मात्र ओळीचा सगळा जोर 'होती', 'आहे', 'गेलं' यांच्यापाशी येऊन संपतो आणि ओळ विझते. म्हणून मी वाक्य फिरवते. ज्या शब्दावर श्रोत्याने थांबावं तो शेवटी ठेवते, क्रियापद मधे ओढते, जमलं तर गाळूनच टाकते. दुसरी गोष्ट श्वासाची. लांब ओळ लिहिताना हाताला काही कष्ट पडत नाहीत, म्हणताना मात्र छातीला कळतं. मी पहिला खर्डा झाला की चालत चालत मोठ्याने म्हणते आणि जिथे दम तुटतो तिथेच ओळ तोडते. 'प', 'फ', 'भ' ही अक्षरं माइकवर फटकन आदळतात, तेव्हा त्या शब्दांना तोंड जरा बाजूला घ्यायचं. आणि ३ मिनिटांत साडेतीनशेच्या वर शब्द भरायचे नाहीत, कारण थांबण्यालाही वेळ लागतो आणि घड्याळ तोही मोजतं.

पालुपदाचं मला फार वाटतं. मराठी श्रोता पालुपदाची वाट बघतो, तिसऱ्यांदा आलं की तो आपल्याबरोबर पुटपुटतो. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, ते पालुपद उचलून धरतात आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. स्लॅमच्या कवीला झील नसते. आपलं पालुपद आपणच उचलायचं. हे मी कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही. आमचं मूळ गाव गुहागर तालुक्यातलं आणि माझे काका तुरेवाले.

ज्यांनी कोकणातला शक्ती-तुरा ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. शक्तीवाले प्रकृतीला, मायेला थोर मानतात, तुरेवाले शिवाला, पुरुषाला. देशावरच्या कलगी-तुऱ्याचंच हे कोकणातलं रूप. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा यांच्या काळापासून शाहिरांच्या फडांत अशा चढाओढी रंगत आल्या. दोन पक्ष एका रात्री एकाच मंचावर येतात. गण होतो, गवळण होते आणि मग सवाल-जवाब. एका शाहिराने पुराणातलं एखादं कोडं टाकायचं. दुसऱ्याने आपल्या बारीला त्याचं उत्तर गाऊन द्यायचं आणि वर स्वतःचा सवाल ठेवायचा. उत्तर त्याच रात्री द्यायचं, आणि तेही चालीत. चाकरमान्यांनी हे सामने मुंबईत आणले. परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट काढून लोक रात्र रात्र बसले. काकांच्या वहीत 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' यांतले प्रसंग अध्यायवार टिपलेले असत. स्वतः गाताना ते जितके रंगात असत, त्याहून समोरचा गात असताना जास्त सावध असत. समोरच्याचा प्रत्येक शब्द ते झेलत, कारण थोड्या वेळाने त्यालाच उत्तर द्यायचं असे.

स्लॅममध्ये मला सगळ्यांत जास्त उणीव भासते ती या सावधपणाची.

आमच्याकडे कवी मंचावर जातो, ३ मिनिटं बोलतो, आकडे घेतो आणि खाली येऊन बसतो. पुढचा कवी घरून पाठ करून आणलेलं म्हणतो. मधल्या वेळात खुर्चीत बसलेले बाकीचे स्पर्धक मनातल्या मनात आपापली कविता घोळवत असतात. म्हणजे सभागृहात सर्वांत कमी ऐकणारा माणूस कोण, तर कवी. हे मला दुखतं.

मग वाद होत नाहीत का? होतात, भरपूर होतात, पण निकालानंतर. सभागृहाच्या जिन्यात, चहाच्या टपरीवर, आणि आमच्या बाबतीत हार्बरच्या डब्यात कुर्ल्यापासून खांदेश्वरपर्यंत. सर्वांत जुना वाद परीक्षकांचा. ज्याला वृत्त म्हणजे काय ठाऊक नाही, जो मित्राबरोबर सहज आला, त्याने कवितेला ६.८ द्यायचे हा कुठला न्याय? अमेरिकेतले मोठे समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांनी २००० साली स्लॅमला कलेचा मृत्यूच म्हटलं होतं. आमच्यातही काही जण तेवढ्याच त्वेषाने बोलतात, आणि त्यांचे मुद्दे अगदीच पोकळ नसतात. पहिल्या कवीला हात आखडून गुण मिळतात, रात्र चढत जाते तसे आकडेही चढतात, हे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. त्यासाठीच स्पर्धेबाहेरचा एक कवी आधी वाचतो, परीक्षकांचा हात बसावा म्हणून. तरीही चिठ्ठीत पहिला क्रमांक निघाला की चेहरा पडतोच. पाचांतले दोघे एखाद्याच्याच गोटातले निघतात. आणि भाषेचं तर विचारू नका. हिंदी-इंग्रजीच्या रात्री एखादीच मराठी कविता असली की परीक्षक अर्थापेक्षा आवाजाला गुण देतात.

इतकं असूनही मी अनोळखी परीक्षकांच्या बाजूची आहे. महाविद्यालयीन काव्यवाचन स्पर्धांत मी तीन मान्यवरांसमोर उभी राहिले आहे. मान्यवरांना काय आवडतं हे दुसऱ्या वर्षी कळतं, तिसऱ्या वर्षी आपण तेच लिहायला लागतो. उठून आलेल्या अनोळखी माणसाची आवड आधी कळत नाही, त्यामुळे कवीला प्रामाणिक राहणं भाग पडतं. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी काव्यवाचनं केली ती कुणा समीक्षकासमोर नव्हेत. समोर शिक्षक होते, कारकून होते, संसारातून वेळ काढून आलेल्या बायका होत्या. त्यांच्यापर्यंत पोचणं या कवींना कमीपणाचं वाटलं नाही.

दुसरा वाद जास्त अवघड आहे. स्लॅममध्ये स्वतःवर गुदरलेलं बोलणाऱ्याला दाद मोठी मिळते. अत्याचार, आजार, घरातली मारहाण. मुलगी थरथरत बोलते, सभागृह स्तब्ध होतं आणि मग पाच पाट्या वर होतात. कुणी ७.४ दिलेले असतात. तो आकडा कशाचा? कवितेचा की तिच्या दुःखाचा? देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि तिला तर तो तिच्या दुःखाचाच वाटतो. माझं मत वर्षांनुवर्षांच्या भांडणांतून पक्कं झालेलं आहे. ज्या आठवणीने अजून झोप उडते ती स्पर्धेत आणू नये. ती मैत्रिणींत म्हणावी, मैफलीत म्हणावी, जिथे आकडा नाही तिथे म्हणावी. जखमेवर खपली धरल्यानंतर, ओळींत फेरफार करताना हात कापेनासा झाला की मग मंचावर न्यावी. नवीन मुलींना मी हे आधीच सांगते. काही जणींना ते पटत नाही. त्या म्हणतात, गप्प बसायला सांगणारे बाहेर काय कमी आहेत? त्यांचंही मी ऐकून घेते, पण सांगायचं थांबवत नाही.

पनवेलमध्ये आमचा जो गट जमतो तो वडाळे तलावाच्या काठावर. त्यात आगरी मुलं आहेत, कोकणातून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांतल्या मुली आहेत, घाटावरून नोकरीसाठी आलेले आहेत, नव्या टॉवरमधले हिंदीत लिहिणारेही आहेत. गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ इथूनच सुरू होतो, त्यामुळे इथे येणाऱ्या-जाणाऱ्या बोलींचा राबता मोठा. ए. के. शेख यांच्यासारख्या गझलकाराचं हे गाव, तेव्हा शेराला दाद कशी द्यायची हेही इथल्या काहींना घरबसल्या कळलेलं. एकमेकांच्या कविता आम्ही निर्दयपणे तपासतो. कुणाची कविता ३ मिनिटं २० सेकंदांवर गेली तर कुठला तुकडा जाणार यावर अर्धा तास खल चालतो, आणि तो तुकडा बहुधा कवीचा सर्वांत लाडका असतो.

स्लॅममध्ये एकमेकांना उत्तर द्यायची जागा हवी, हे माझं म्हणणं याच गटातल्या दोघांमुळे ठाम झालं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, दहा गावं उठली. वाघिवली, ओवळे, कोल्ही, कोपर, तरघर ही त्यांतली काही नावं. त्यांपैकी एका गावातल्या मुलाने स्लॅमला आगरीत कविता म्हटली. सुरुंगाचा आवाज, मोडलेल्या देवळाची जागा, नव्या घराच्या पत्त्यात हरवलेलं जुन्या पाड्याचं नाव. त्याच रात्री नवीन पनवेलच्या एका मुलीची कविता होती. तिचे वडील टॅक्सी चालवतात, विमानतळ सुरू झाला की घर सुधारेल अशी आस धरून तिचं सगळं घर बसलेलं. दोन्ही कविता उत्तम होत्या. दोघांनाही आकडे मिळाले, दोघांच्याही आकड्यांत फार फरक नव्हता, आणि सूत्रसंचालकाने तिसरं नाव पुकारलं. एकाच जमिनीवर उभ्या असलेल्या दोन कविता एकमेकींकडे न बघता निघून गेल्या. नंतर पायऱ्यांवर ते दोघं तासभर भांडले. त्या भांडणात असे शब्द निघाले जे त्यांच्या दोघांच्याही कवितांत नव्हते. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा मला भाषणांपेक्षा ते भांडण आठवत होतं. ते मंचावर व्हायला हवं होतं.

शक्ती-तुऱ्याचं मी आंधळं कौतुक करत नाही. माझ्या लहानपणी बायकांनी मागे बसून बघायचं, आणि राधा साडी नेसलेला पुरुष करायचा. रात्र चढली की टोमणे समोरच्याच्या विचारांवरून त्याच्या घरातल्या बायकांवर घसरत आणि हशा पिकत असे. आता काही ठिकाणी मुली शाहीर म्हणून उभ्या राहतात याचा मला आनंद आहे, पण मला ती संधी नव्हती. स्लॅमने मला घराणं विचारलं नाही, गुरू विचारला नाही, नाव लिहून घेतलं आणि माइक दिला. हे ऋण मोठं आहे. म्हणून मला एकाच्या जागी दुसरं नको आहे. स्लॅमची खुली दारं आणि तुरेवाल्याचे उघडे कान, दोन्ही एका मंचावर हवे आहेत.

आमच्या गटात आम्ही ते करून पाहतो. नेहमीच्या फेऱ्या संपल्या की पहिल्या चार कवींच्या दोन जोड्या लावायच्या. प्रत्येकाने समोरच्याच्या कवितेतली एक ओळ किंवा एक शब्द उचलायचा आणि २० मिनिटांत १ मिनिटाचं उत्तर बांधायचं. कागद हातात चालतो, कारण पाठांतराला वेळच नसतो. समोरच्याची जात, घर, शरीर, दुःख यांना हात लावायचा नाही. लावला तर फेरी तिथेच संपते. उत्तर म्हणजे विरोधच हवा असं नाही, पुढे नेलं तरी चालतं. गुण नेहमीसारखेच, पाच अनोळखी माणसांचे. उत्तरं कच्ची असतात, ओळी अडखळतात, कधी यमक ओढून आणलेलं कळतं. पण पहिल्या फेऱ्यांपासूनच सगळे कवी वही उघडून, मान वर करून ऐकत असतात. जोडी कोणाशी लागेल कोण जाणे! विमानतळावर लिहिणाऱ्या त्या दोघांची जोडी एकदा लागली. मुलाने टॅक्सी उचलली आणि मुलीने हरवलेल्या पाड्याचं नाव उचललं. दोघांचीही ती सर्वोत्तम कविता नव्हती, तरी लोकांनी घरी जाताना त्या दोन मिनिटांवरच बोलणं केलं.

महाविद्यालयांत, वाचनालयांत, गणेशोत्सवाच्या मंडपात जे कोणी स्लॅम भरवत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बक्षिसाची रक्कम कमी ठेवा, परीक्षक प्रेक्षकांतूनच घ्या, आगरी, मालवणी, अहिराणी, जी बोली येईल ती येऊ द्या, आणि शेवटी अर्धा तास राखून उत्तराची एक फेरी ठेवा. नियम वर दिले आहेत. त्यांत हवे ते बदल करा.