मीठ घालायची वेळ

ओल्या रंगावर मीठ कधी टाकायचं, याचं उत्तर जलरंगांच्या कुठल्याही व्हिडिओत सापडतं. कागदावरच्या पाण्याची चमक जायला लागली की टाकायचं. त्याआधी टाकलंत तर मीठ विरघळून नुसता फिकट डाग उरतो. नंतर टाकलंत तर काहीच होत नाही, सुकल्या रंगावर खडे पडून राहतात. मधली एक-दोन मिनिटं काय ती आपली. तेवढ्यात चिमूटभर मीठ पडलं, की प्रत्येक खड्याभोवतीचा रंग मागे सरतो आणि निळ्यावर पांढुरक्या चांदण्या उमटतात.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये मला हे बऱ्यापैकी जमायचं. रात्री शेवटचा कॉल संपला की जेवणाच्या टेबलावर कागद चिकटवायचा, पाणी फिरवायचं, रंग सोडायचा, मीठ टाकायचं आणि झोपायचं. काय झालंय ते सकाळी बघायचं. मला चित्र काढता येत नाही, हे आधीच सांगतो. घोडा काढला तर लोक विचारतात, कुत्रा का? म्हणून मी काही काढत नाही, रंग आणि पाणी एकमेकांशी कसे वागतात ते बघतो. दिवसभर मी जो कोड लिहितो तो सांगितल्यासारखाच वागावा लागतो, नाहीतर रात्री दोनला फोन येतो. तेव्हा सांगितलेलं न ऐकणारं काहीतरी घरात असलेलं बरं वाटायचं.

घरी मात्र यातलं कुणाला काही सांगितलं नव्हतं. विशेषतः बाबांना.

बाबांची शिरोड्यात गणपतीची शाळा. तळकोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, इथे मुलं शिकत नाहीत, इथे गावातल्या घरांचे गणपती होतात. पावसाळ्यात घराघरांतून लाकडी पाट यायचे. प्रत्येक पाटाच्या मागे खडूने आडनाव. त्याच पाटावर त्या घरचा गणपती बसवायचा, चतुर्थीला ते डोक्यावरून घेऊन जायचे. आमच्याकडे साठ-सत्तर पाट यायचे. मातीचं काम काकांचं, रंग बाबांचे. आधी सगळ्या अंगावर खडीचा पांढरा हात, मग अंगाचा गुलाबी, पितांबर, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळे. बाबा डोळे काढायला बसले की शाळेत कुणी बोलायचं नाही. आईसुद्धा चहा उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची.

मी सातवीत असताना एका गणपतीच्या सोंडेवर माझ्या हातून निळा रंग सांडला. सांडला ते सांडला, पण पुसायचं सोडून मी तो ओघळ खाली कसा उतरतो ते बघत बसलो. पांढऱ्या खडीवर त्याला वाटेत फाटे फुटत होते. बाबांनी मारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "रंग पळूक नये." त्यानंतर माझ्याकडे पाणी आणून द्यायचं काम आलं. ब्रश परत हातात मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही. पुढे दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, पुणे. या रस्त्यावर काही सांगण्यासारखं नाही, तुमच्यातले निम्मे त्यावरूनच आले असतील.

शाळेच्या भिंतीवर एक जुनं, कडेने पिवळं पडलेलं छापील चित्र आहे. हातात समई धरलेली बाई, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार आलेला. बघणारा हटकून म्हणतो, रविवर्मा. मग बाबा म्हणतात, "नाय. हळदणकर. आपले सावंतवाडीचे." सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, सावंतवाडी. 'ग्लो ऑफ होप' या नावाने जगाला माहीत असलेलं त्यांचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. बाबांच्या दृष्टीने यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे तैलरंगात नाही, जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कोरा कागद राखतात. म्हणजे उजेड कुठे ठेवायचा ते आधीच ठरवावं लागतं, आणि चुकीवर दुसरा थर देऊन ती झाकता येत नाही. पाण्याला एवढं धाकात ठेवणारा माणूस आमच्या जिल्ह्यातला, याचा बाबांना कोण अभिमान. त्यांना काय सांगणार, मी पाण्याला मोकळं सोडतो म्हणून?

गेल्या दिवाळीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं दोनेक महिन्यांत बरंचसं परत आलं. उजवा हात आला नाही.

जानेवारीत मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. मोबाइलची रेंज घरात नाही, शाळेत आहे, तीही खिडकीजवळच. तेव्हा रंगांचे डबे होते त्या टेबलावर माझा मॉनिटर बसला. बाबा समोर आरामखुर्चीत. मी दिवसभर इंग्रजीत कुणाशी तरी भांडतो आणि ते ऐकतात, असं सुरू झालं. शाळा यंदा नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. काका एकटे माती करू शकतात, पण डोळे कोण काढणार? कुणीतरी आईला विचारलंच, "झीलाक येणा नाय?" मला येत नाही. मघाशी घोड्याचं सांगितलं ना.

मार्चमध्ये एका रात्री ते झोपलेत असं समजून मी कागद काढला. निळा सोडला, मीठ टाकलं. मागून आवाज आला, "ह्यां काय?"

"मीठ."

"जेवणात घालूचां सोडून हंय कित्याक?"

मी जमेल तसं सांगितलं. खडा स्वतःभोवतीचं पाणी ओढतो, खारं पाणी रंगाच्या कणांना दूर सारतं, वगैरे. त्यांनी कागद बघितला. चांदण्या नव्हत्या, फक्त मळकट ढग होता. "बिघाडलंस," म्हणाले आणि झोपायला गेले.

तसं ते खरंच बिघडलं होतं. नंतरही पंधरा दिवस बिघडतच राहिलं. आधी मला वाटलं दोष मिठाचा. पुण्यात पाकिटातलं बारीक मीठ वापरायचो, इथे आईच्या बरणीत मिठागरातलं जाड, करडी छटा असलेलं. मग मिठागरावरच जाऊन आलो. या गावात वाढूनही मी ते कधी नीट बघितलं नव्हतं. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, हे मात्र शाळेत निबंधात दोनदा लिहिलं होतं.

मिठागर हे एक भलंमोठं जलरंगाचं चित्रच आहे. भरतीचं पाणी आत घेतात, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत जातात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पाणी उन्हाने उडत जातं तशी खारटी वाढत जाते आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. आधी पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा येतो, मग तळाशी खडे. लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून बांधावर ढीग लावतात. सगळं काम थंडी सरल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचं. तिथल्या एका आजोबांना मी विचारलं, मीठ ओढायची वेळ झाली हे कसं कळतं? ते पाण्याकडे बघत म्हणाले, "दिसता." माझ्या व्हिडिओवाल्या बाईचंही तेच म्हणणं होतं. फक्त तिने त्याचे बारा मिनिटं केले होते.

दोष मिठाचा नव्हता, हवेचा होता. पुण्याच्या कोरड्या हवेत चमक दोन मिनिटांत उतरायची. इथे खारा वारा, घामट हवा, चमक वीस-वीस मिनिटं हलत नाही. आणि मी मात्र घड्याळ लावून मीठ टाकत होतो.

हे माझ्या आधी बाबांच्या लक्षात आलं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी चिमूट उचलली तर म्हणाले, "थांब. अजून पाणी दिसता." त्यांनी खुर्ची तिरकी करून घेतली होती, खिडकीचा उजेड कागदावरून सरपटत येईल अशी. खडीचा हात सुकला की नाही, ते चाळीस वर्षं असंच बघत आले होते. आम्ही थांबलो. मधे मी एका मेलला उत्तर दिलं. मग ते म्हणाले, "आता." मी टाकलं. काही मिनिटांत सगळा निळा चांदण्यांनी भरून गेला, मिठागरावरच्या सायीसारखा.

"बरां दिसतां," ते म्हणाले. आणि लगेच, "पण ह्यां चित्र न्हय."

मग आमचं सुरू झालं. आईच्या शब्दांत सांगायचं तर दोघांना दुसरा धंदा उरला नाही. आई आगळ करत होती, त्यातलं वाटीभर पळवलं. रातांब्याचा लाल रंग आंबट असेपर्यंतच लाल, त्यावर खायच्या सोड्याचं पाणी पडलं की जांभळट, मग निळसर-हिरवा होत जातो. मीठ घातलेलं आगळ कागदावर कधी पुरतं सुकतच नाही, हेही कळलं, आणि मुंग्यांनाही कळलं. हळदीवर चुन्याची निवळी टाकली तर लालभडक, कुंकू याच रीतीने करतात. हे रंग टिकत नाहीत. हळदीचा एक कागद खिडकीत ठेवला होता, दोन आठवड्यांत ऊन त्याला खाऊन गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बाबांना वाटलं. गणपतीही विसर्जन होतोच की, म्हटलं, तर म्हणाले, तो आपण नेऊन सोडतो. हा आपला आपण जातो.

टिकाऊ रंग त्यांनीच सुचवला. इथून जवळच रेडी, तिथे लोखंडाच्या खनिजाच्या खाणी, आणि रस्त्याकडेची माती तांबडीलाल. पिशवीभर आणली. वरवंट्याने वाटून, फडक्यातून गाळून बादलीत ढवळली. पुढचं बाबांनी खुर्चीतून करवून घेतलं. शंभरपर्यंत मोज, जड कण खाली बसतील, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात काढ, ते रात्रभर ठेव, सकाळी निवळ ओतून दे. तळाशी जो लोण्यासारखा गाळ राहतो तो रंग. त्यात शाळेच्या डब्यातला बाभळीचा डिंक भिजवून, थोडा मध. दुकानात मिळणाऱ्या जलरंगाच्या वडीतही असंच असतं, रंग, डिंक आणि ओल धरणारं काहीतरी. मी एवढे पैसे घालवले होते कुरिअरने रंग मागवण्यात, आणि हा माणूस हे सगळं पहिल्यापासून जाणत होता. मी विचारलं नव्हतं.

रेडीचा लाल कागदावर सपाट बसत नाही, त्याचे कण कागदाच्या खळग्यांत उतरतात आणि ओहोटीच्या वाळूसारखी नक्षी राहते. त्यावर मीठ टाकायचं होतं. मी वाटी पुढे केली, माझ्या हाताला रंग लागला होता म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच. बाबांनी डावा हात वाटीत घातला. तो हातही आता थरथरतो. त्यांनी तो कागदावर नेला आणि चमक बघत थांबले. बराच वेळ. मग बोटं सोडली. खडे कुठेही पडले, काही टेबलावर, काही माझ्या कीबोर्डमध्ये. ब्रश धरून हा हात डोळ्याची कड ओढू शकला नसता. मीठ पडायला त्याची काही अडचण नव्हती.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. रंग मागे सरताना बघत बसलो. आई उंबऱ्यावर चहा ठेवून गेली.

जूनमध्ये पाऊस लागला आणि एका सकाळी बाबांनी हाक मारली. तो लाल कागद घामेजला होता. मीठ मी झटकलं होतं, पण कागदात मुरलेलं राहिलंच. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढायला लागतं, आणि इथे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. एप्रिलमध्ये संपलेलं चित्र पुन्हा ओलं होऊन खालच्या कडेने पसरत होतं. मी तो काचेत बंद करू या म्हणालो. बाबा नको म्हणाले.

आता तो शाळेच्या भिंतीवर आहे, समईवाल्या बाईपासून हातभर लांब. रंग कुठवर पोचला तिथे मी रोज पेन्सिलीने रेघ मारतो आणि तारीख टाकतो, सवयच ती. नागपंचमी तोंडावर आली आहे. यंदा पाट घेऊ नका, असं काकांनी सगळ्या घरी सांगितलंय, तरी दोन पाट ओटीवर येऊन पडलेत आणि त्यांचं काय करायचं ते अजून कुणी बोललेलं नाही. सकाळी मी लॅपटॉप उघडायच्या आधी बाबा विचारतात, "आज खंयपर्यंत इलो?"

कालच्या रेघेपासून चार मिलिमीटर, मी मोजून सांगितलं.

त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "रेघ वाकडी मारलंस," म्हणाले.