सव्वीस फुटांच्या बोटीतली मोरी

बोट दाखवताना मालक आधी शिडं दाखवतो, मग इंजिन, मग स्वयंपाकाचा ओटा. संडासाचं दार सगळ्यात शेवटी उघडतो आणि लगेच लावून टाकतो. माझ्या मते सुरुवातच तिथून करावी. आत जावं, दार लावून घ्यावं आणि पावसाळी जाकीट अंगात असतानाच भांड्यावर नीट बसून पाहावं. खांदे कुठे टेकतात, डोकं वर लागतं का, हात मागे नेता येतो का, हे उभ्यानं बघून कळत नाही.

हे मनाशी धरूनच नवरा आणि मी बोट घ्यायला लिमिंग्टनला निघालो. लंडनच्या वॉटर्लूहून ब्रॉकनहर्स्टपर्यंत मोठी गाडी, पुढे दोन स्टेशनांची छोटी शाखा. न्यू फॉरेस्टमधली तट्टं रस्त्याच्या कडेला निवांत चरत होती. गाडी नदीपाशी आली तेव्हा ओहोटी लागली होती. करडा चिखल उघडा पडला होता आणि पलीकडे डोलकाठ्याच डोलकाठ्या.

लहान बोटींच्या जगात या गावाला मान आहे. जेरेमी रॉजर्स यांच्या इथल्या कारखान्यात काँटेसा २६ जन्माला आली. त्याच जातीच्या बोटीतून टानिया एबी १९८५ साली, अठराव्या वर्षी, न्यूयॉर्कहून निघाली आणि १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी सुहैली तर आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. तिच्यातून ते ३१२ दिवस कुठेही न थांबता एकटे जगभर फिरले. एवढ्याशा जागेत माणसं महिनोन्महिने राहिली आहेत. त्यामुळे राहता येईल का, हा प्रश्न नव्हता. जागा कशी वाटलेली आहे, हे पाहायचं होतं.

पहिल्या बोटीत झाकणाची बादली होती आणि आडोशाला पडदा. दोघांना चालेल, पाहुण्यांना नाही. दुसरी तीस फुटी, बरीच नवी. तिची मोरी जिन्याच्या पायथ्याशी होती. ही जागा खरोखर चांगली, कारण बोटीचं पुढचं टोक लाटांवर जितकं आपटतं तितका मागचा भाग आपटत नाही, आणि ओली जाकिटं तिथेच टांगता येतात. आत शॉवर, आरसा, हात पसरता येतील एवढी रुंदी. नवरा खूश झाला. मी भांड्यावर बसले तर समोरची भिंत हाताला लागेना, आणि धरायला दांडी कुठेच नव्हती. धक्क्याला बांधलेल्या बोटीत ही ऐसपैस जागा सुखाची. बोट कलली की तिथे माणूस फेकलाच जायचा. शिवाय या मोरीनं स्वयंपाकाची अर्धी जागा खाल्ली होती.

तिसरी वेस्टर्ली सेंटॉर. १९६९पासून दशकभरात या २६ फुटी बोटी दोन हजारांहून जास्त बनल्या. तळाला दोन पठाणं, म्हणजे कील, असल्यानं ओहोटीला चिखलावर सरळ उभी राहते. मालकीणबाई सत्तरीच्या. म्हणाल्या, "धक्क्यावर बसून काय कळणार? चला, पाण्यापलीकडे यार्मथला जाऊन येऊ."

नदीच्या मुखाबाहेर नैऋत्येचा वारा समोरून येत होता आणि ओहोटीचा ओढा त्याच्या विरुद्ध, हर्स्टच्या अरुंद तोंडाकडे धावत होता. आठव्या हेन्रीनं बांधलेला हर्स्टचा किल्ला गोट्यांच्या लांब दांड्यावर बसलेला आहे. तिथून पाणी अक्षरशः ओतलं जातं. वारा आणि ओढा असे समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोट चांगलीच कलली. मी खाली गेले.

जागा इतकी अरुंद की पुढची आणि मागची भिंत दोन्ही खांद्यांना टेकली. बोटीचं पुढचं टोक आपटत होतं, पण मला हलायला जागाच नव्हती. बोट एका बाजूला कलली तेव्हा पाठ बाजूच्या भिंतीला टेकली. वळसा घेऊन दुसरीकडे कलली तेव्हा समोरच्या कपाटावर तळहात रोवला, कोपर न ताणता. पाठ टेकलेली होती तेव्हा तर दोन्ही हात मोकळे ठेवून जाकिटाची चेन लावता आली. समुद्रावर अरुंदपणा आधार देतो, हे मी तोवर ऐकून होते; आता अंगानं कळलं.

मग बारकाईनं पाहिलं. हातपंपाचा दांडा गुळगुळीत. समुद्राचं पाणी आत घेणारा आणि मैला बाहेर टाकणारा असे दोन कॉक, दोन्ही बसल्या जागी हाताला येणारे, आणि प्रत्येकाला मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीनं बांधलेलं. कॉक तुटलाच तर भोकात ठोकायला. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मी मैल्याच्या नळीभोवती गुंडाळलं आणि थोड्या वेळानं हुंगलं. वास लागला होता. म्हणजे रबरातून दुर्गंधी झिरपतेय, नळी बदलायला हवी.

कागदाचं मी मुद्दाम विचारलं. बाई म्हणाल्या, "भांड्यात अजिबात नाही. नळी जेमतेम दीड इंची." आपल्याला पाण्याचीच सवय, त्यामुळे ही अट आम्हाला जड नाही. आंघोळीचंही तसंच: किटलीभर गरम पाणी, बादली आणि तांब्या असला की शॉवरसाठी पंप, गाळणी, निचऱ्याची टाकी असला पसारा लागत नाही. एक अडचण मात्र खरी. बोट चिखलावर बसली की समुद्राचं पाणी आत येणार नाही, आणि बाहेर सोडणं तर बरं दिसणारच नाही. त्या काही तासांसाठी झाकणाची बादली हवीच.

यार्मथच्या बंदरात बोट बांधली. बंदरात पंप मारायचा नाही, हा शिष्टाचार. किनाऱ्यावर स्वच्छ न्हाणीघरं आहेत. तिथे मनसोक्त गरम पाणी अंगावर घेऊन आलो, तोवर बाईंनी चहा टाकला होता. कप हातात घेऊन आम्ही सौद्याला बसलो. पुढच्या उन्हाळ्यात माझी आई येणार आहे आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणून दाराच्या चौकटीला एक आणि कपाटाच्या वर एक अशा दोन दांड्या लागतील. वर हवा खेळायला झरोका, आणि नव्या नळ्या. नवऱ्यानं खर्चाचा आकडा कागदावर मांडला. बाईंनी तो पाहिला, किमतीतून तेवढा वजा केला आणि म्हणाल्या, "दांड्या मात्र भिंतीत आरपार बोल्टनं बसवा. नुसत्या स्क्रूवर कुणाचा जीव सोपवू नका."